‘वदरिंग हाइट्स’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

कुणी सांगेल, यापरती प्रेमकथा नाही. कुणी म्हणेल, शंभर पानांत डोकं उठलं. पुस्तक संपेपर्यंत दोघांचंही ऐकू नका. हा वाद १८४७ पासूनचा आहे. एमिली ब्राँटेने ‘एलिस बेल’ या टोपणनावाने कादंबरी छापली, तेव्हाच समीक्षकांनी तिच्या ताकदीला दाद दिली आणि त्यातल्या क्रौर्याला नाकं मुरडली. पुढच्याच वर्षी एमिली गेली. तिच्या लिहिण्याच्या पेटीत पाच परीक्षणांची कात्रणं निघाली.

गोड प्रेमकथा म्हणून हाती घ्याल तर फसाल. तिसऱ्याच प्रकरणात भाडेकरू म्हणून आलेला लॉकवुड स्वप्नात खिडकीबाहेरच्या पोरीचं मनगट फुटक्या काचेवर रक्त येईस्तोवर घासतो. कथानायक हीथक्लिफ शेजारच्या घरातल्या इझाबेलाला पळवून नेताना तिच्या कुत्र्याला फास लावतो, आणि वर तिचीच टर उडवतो, की हिने मला प्रेमकथेतला नायक समजलं! त्यामुळे ‘नायक आवडला नाही’ ही तक्रार मला तरी पटत नाही. घर सांभाळणाऱ्या नेलीवर मात्र जरूर संशय घ्या. बहुतेक गोष्ट तिच्याच तोंडून कळते, आणि ती दिसते तितकी भोळी नाही.

वंशवेल कागदावर काढून ठेवा. कॅथरीन दोन आहेत, आणि ‘लिंटन’ हे कुणाचं आडनाव तर कुणाचं नाव. थोरली कॅथरीन साधारण निम्म्यावर मरते. तिथे पुस्तक मिटू नका, तिचा भाचा हेअरटन खरा पुढेच उलगडतो. इंग्रजीतून वाचताना म्हातारा नोकर जोसेफची यॉर्कशायरी बोली अडली तर खुशाल पुढे सरका.