मत नाही, तरी निवडणूक समजून घ्यायची आहे

प्रश्न : आम्ही २०२४ च्या सुरुवातीला नाशिकहून जर्मनीतील फ्रांकफुर्टला राहायला आलो. महापालिकेपासून लोकसभेपर्यंत प्रत्येक निवडणुकीची चर्चा आमच्या घरात होत असे. इथे मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत संसदेची निवडणूक झाली, तेव्हा बातम्या पाहूनही मला अर्थ लागला नाही. मे महिन्यात संसदेतील चॅन्सेलरपदाच्या, म्हणजे सरकारप्रमुखपदाच्या, मतदानाच्या पहिल्या फेरीत फ्रीडरिश मेर्त्स यांना बहुमत मिळाले नाही, त्या दिवशी ऑफिसात सगळे बोलत होते आणि मी गप्प होते. मत देता येत नसताना यात लक्ष घालावे का, सुरुवात कुठून करावी, आणि व्हिसावर राहणाऱ्याने सभांना गेलेले चालते का?

उत्तर : लक्ष जरूर घालावे, कारण निकालाचा परिणाम मतदार आणि बिनमतदार असा भेद करत नाही. आधीच्या सरकारने २०२४ च्या जूनमध्ये नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची अट आठ वर्षांवरून पाचवर आणली आणि विशेष प्रगती दाखवणाऱ्यांना तीन वर्षांतच अर्ज करण्याची सोय दिली. निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने २०२५ च्या ऑक्टोबरात ही तीन वर्षांची सोय काढून टाकली. हा फरक ज्यांच्या आयुष्यात पडला, त्यांच्यापैकी एकालाही त्या निवडणुकीत मत नव्हते.

सुरुवात नेत्यांच्या चेहऱ्यांपासून न करता मतपत्रिकेपासून करावी. संसदेच्या मतपत्रिकेवर डावीकडे काळ्या छपाईत मतदारसंघातील उमेदवार असतात आणि उजवीकडे निळ्या छपाईत पक्षांच्या याद्या असतात. मतदार दोन्हीकडे एकेक फुली करतो. आपल्याला मतदारसंघ जिंकणे म्हणजेच निवडून येणे असे वाटते, म्हणून नजर डावीकडे जाते. पण ६३० जागांपैकी कोणाला किती, हे ठरवते ते उजवीकडचे दुसरे मत. नव्या नियमांमुळे २०२५ मध्ये २३ उमेदवार आपापल्या मतदारसंघात पहिले येऊनही, त्यांच्या पक्षाच्या दुसऱ्या मतांत त्यांची जागा बसत नसल्याने संसदेत जाऊ शकले नाहीत. शिवाय पाच टक्के मते किंवा तीन मतदारसंघ मिळवल्याशिवाय पक्षाला वाटपात स्थान नसते. सारा वागेनक्नेश्ट यांच्या पक्षाला ४.९८ टक्के मते मिळाली आणि एकही जागा मिळाली नाही. एवढे लक्षात घेतले की मेर्त्स यांचा प्रसंगही उलगडतो : संसदेत त्यांच्या आघाडीचे ३२८ सदस्य होते, गुप्त मतदानात ३१६ मते हवी होती, पहिल्या फेरीत ३१० पडली आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या फेरीत ३२५. युद्धोत्तर जर्मनीत चॅन्सेलरपदाचा उमेदवार पहिल्या फेरीत अडण्याची ही पहिलीच वेळ होती, म्हणून तुमचे सहकारी इतके बोलत होते.

पक्षांची भूमिका कळण्यासाठी ‘वाल-ओ-माट’ वापरून पाहा. सरकारी राजकीय शिक्षण संस्थेचे हे साधन २००२ पासून आहे. त्यात ३८ विधानांना तुम्ही होकार, नकार किंवा तटस्थ असे उत्तर देता आणि ते पक्षांनी दिलेल्या उत्तरांशी ताडून दाखवले जाते. मला त्याच्या टक्केवारीपेक्षा प्रत्येक विधानाखाली पक्षाने दिलेले कारण अधिक मोलाचे वाटते. जर्मन अजून कच्ची असेल, तर ‘टागेसशाऊ’ या टीव्ही वार्तापत्राच्या सोप्या जर्मनमधील बातम्यांनी कान तयार होईल.

आणि एका मतदानाच्या रविवारी संध्याकाळी सहाला जवळच्या मतदान केंद्रावर जा. मतदान आणि मतमोजणी कायद्याने सर्वांसाठी खुली असते. तिथे उभे राहायला नागरिकत्व लागत नाही, फक्त कामात अडथळा आणायचा नाही. बहुधा शाळेचा एखादा वर्ग असतो. आत मोजणारे लोक शेजारपाजारचेच असतात. पेटी टेबलावर रिकामी करतात, पत्रिका उलगडून संख्या जुळवतात, मग गठ्ठे लावतात : दोन्ही मते एकाच पक्षाला दिलेल्या पत्रिका वेगळ्या, वेगवेगळ्या पक्षांना दिलेल्या वेगळ्या, शंकास्पद वेगळ्या, आणि शंकास्पद पत्रिकेवर सगळे मिळून निर्णय घेतात. इथल्या घटनात्मक न्यायालयाने २००९ मध्ये २००५ च्या निवडणुकीतील मतदान यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरवला, तो याच मुद्द्यावर : मतदान आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही पडताळता आले पाहिजेत. ईव्हीएमवर मत देऊन आलेल्या माणसाने ही मोजणी एकदा तरी पाहावी, असे मला मनापासून वाटते.

सहकाऱ्यांशी अवश्य बोला, पण ‘तुम्ही मत कोणाला दिले?’ हा आपल्याकडचा सहज प्रश्न इथे विचारू नका. घरभाडे, पेन्शन, रेल्वे यांविषयी विचारलेत, तर माणसे मोकळेपणाने बोलतात. प्रचाराच्या दिवसांत शनिवारी बाजारात पक्षांची छोटी टेबले लागतात आणि उमेदवार स्वतः उभे असतात. तिथेही प्रश्न विचारता येतो.

व्हिसाची भीती बाळगू नका. निवास कायद्याच्या ४७ व्या कलमात परदेशी नागरिकांना सर्वसाधारण कायद्यांच्या चौकटीत राजकीय सहभागाची मुभा दिलेली आहे. संसदेकडे लेखी अर्ज कोणीही करू शकतो. मेर्त्स यांच्या आघाडीतील एसपीडी या पक्षाच्या सदस्यत्वाला जर्मन पासपोर्ट लागत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या पक्षाने आघाडीचा करार सदस्यांच्या मतदानाला टाकला, तेव्हा असे सदस्यही मतदार होते. मात्र नवख्याने घाईने कोणत्याही पक्षात जावे, असे मी सुचवणार नाही.

तुम्ही फ्रांकफुर्टच्या, म्हणून एक गोष्ट खास सांगतो. हेसेन राज्यात दर पाच वर्षांनी, २०२१ आणि २०२६ अशा वर्षांत, स्थानिक निवडणुका होतात आणि त्यांच्याबरोबर परदेशी रहिवाशांची सल्लागार समितीही निवडली जाते. तिचे मतदार तुमच्यासारखेच परदेशी नागरिक असतात. तिच्या हाती निर्णय नसतो, पण नगरसभेपुढे तुमची गाऱ्हाणी मांडण्याचा तो रीतसर मार्ग आहे, आणि त्यासाठीचे मतदानाचे सूचनापत्र पोस्टाने येते तेव्हा ते जाहिरातींबरोबर टाकून देऊ नका.

प्रश्न : मी म्युनिकला नोकरी करतो, पासपोर्ट भारतीयच आहे. सांगलीतील मत इथून देता येईल का?

उत्तर : इथून देता येणार नाही. पासपोर्टवरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नमुना ६ए भरून परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येते, पण मत द्यायला तिथल्या केंद्रावर स्वतः जावे लागते. अशा मतदाराला मतदार ओळखपत्र मिळत नाही, म्हणून मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट जवळ ठेवा.