पाण्याचा शॉट आणि डोळ्यांची चुरचुर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू संगणकावर केलेला ॲनिमेशनचा शॉट पाहिला. तांब्यातून फुलपात्रात पडणारं पाणी फार संथ उतरतंय. ते खरं वाटेना म्हणून तू रिझोल्यूशन (पाण्याची जागा किती बारीक खान्यांत वाटायची ते) वाढवत जागतेस आणि सकाळी डोळे चुरचुरतात. दोन्हीवर एकदमच लिहितो.

आधी पाणी. फाइल उघडून माप घेतलं. तुझं फुलपात्र 1 मीटर उंच निघालं; घरातलं असतं जेमतेम 10 सेंटिमीटर. सगळंच दहापट झालंय. 20 सेंटिमीटरवरून पडणारं पाणी 0.2 सेकंदात तळाला लागतं, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने पाचेक फ्रेम. तुझं पाणी 2 मीटरवरून पडतंय, त्याला पंधरा फ्रेम लागतात. सॉफ्टवेअरचं गणित चोख आहे, माप चुकलंय. आणि रिझोल्यूशन दुप्पट केलंस की लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे खाने वाढून आठपट होतात. बेक (संगणकाने सगळ्या फ्रेमचं गणित करून ठेवणं) रात्रभर चालतो, पाणी मात्र तसंच संथ!

सॉल्व्हरही, म्हणजे पाण्याचं गणित सोडवायची पद्धत, बघून निवड. जॉस स्टॅम यांनी 1999 मध्ये मांडलेल्या पद्धतीमुळे वेळेची मोठी पावलं टाकली तरी सिम्युलेशन फुटत नाही, म्हणजे आकडे भलतेच वाढून बिघडत नाही, पण बारीक भोवरे विरून जातात आणि पाणी जड दिसतं. फ्लिप या दुसऱ्या पद्धतीत वेग कणांबरोबर वाहतो, म्हणून पाण्याची चपळाई टिकते. तुझ्या शॉटला फ्लिपच हवं.

आता स्वयंपाकघरात जा आणि तांब्या तिरका कर. थोडं पाणी काठाला चिकटून बाहेरून ओघळतं, ते तुझ्या शॉटमध्ये नाही. धार वर जाड असते. खाली येताना वेग वाढतो तशी बारीक होते, मग तुटून थेंब होतात. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये घे. पावसाळ्यात बडोद्याच्या काळा घोड्याच्या पुलावरून विश्वामित्री नदीही बघ: गढूळ पाण्यावरचा फेस लवकर फुटत नाही, लांब पट्ट्यांत वाहत राहतो. पुलावरूनच बघ हं, काठाला उतरू नकोस, मगरी आहेत.

हे बघणं बेक चालू असतानाच कर, कारण तेव्हा तू पुढे सरकणाऱ्या टक्क्यांवर टक लावून बसतेस. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतो, पडद्यासमोर ते निम्म्यावर येतं, कधी त्याहूनही कमी. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो, त्यावर तेलाचा आणखी पातळ. पापणी मिटली की तो नव्याने पसरतो. नाही मिटली तर जागोजागी फाटतो. चुरचुरतं ते त्यामुळे. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फुटांपलीकडे बघ. दांडिया बाजारातल्या घराच्या गॅलरीतून समोरच्या गच्चीवरची टाकी दिसते, तेवढं अंतर पुरे. मॉनिटर हातभर लांब ठेव, नजरेच्या किंचित खाली. पंख्याचा झोत तोंडावर नको. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालू नकोस. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023च्या आढाव्यात त्याने शीण कमी होतो असं दिसलं नाही. डोकं दुखत राहिलं तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नंबर तपासून घे, आणि हे लांबवू नकोस.

माप दुरुस्त करून कमी रिझोल्यूशनचाच शॉट पाठव. आधी मला फक्त वेग बघायचाय.

कळावे.