गोल्फ : तुमचे प्रश्न — बंकरच्या उतारावर बॉल थांबला तर

प्रश्न : सर, मी खारघरला खेळतो, हँडिकॅप 18, म्हणजे साधारण हौशी खेळाडू. बंकरमधल्या (वाळूच्या खड्ड्यातल्या) सपाट वाळूतला बॉल आता बहुतेक वेळा बाहेर काढतो. पण बॉल बंकरच्या मागच्या बाजूला, ग्रीनकडे (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताकडे) उतरणाऱ्या वाळूवर थांबला की हातपाय गळतात. एक तर क्लब बॉलच्या खूप आधी वाळूत रुततो, नाही तर बॉल सणसणत ग्रीनच्या पलीकडे जातो. बॉल उचलला जावा म्हणून मी मागे झुकतो, तरी उपयोग होत नाही. चढावरचा बॉल आणि पायांच्या वर-खाली असलेला बॉल, याबद्दलही सांगा.
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : मागे झुकता म्हणूनच उपयोग होत नाही. सिंहगड उतरताना शरीर आपोआप मागे रेलतं आणि तिथे ते योग्यच असतं. बंकरमध्ये तीच सवय नडते. (मी उजव्या हाताने खेळणारे धरून लिहितोय, त्यांचा डावा पाय लक्ष्याकडे असतो; डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात.) वजन मागे राहिलं की स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू उजव्या पायापाशी येतो. त्यात उतारावर बॉलच्या मागची वाळू बॉलपेक्षा उंच असते. क्लब तिला आधी भिडणारच. तिथून निसटलाच, तर वर येता येता त्याची धार बॉलच्या पोटावर बसते. तुमचे दोन्ही वाईट शॉट एकाच कारणाने होतात.

उभं कसं राहायचं ते आधी शिका. सरावाच्या बंकरमध्ये एक क्लब दोन्ही खांद्यांवर आडवा धरा आणि त्याची रेष वाळूच्या उताराला समांतर होईपर्यंत वजन डाव्या पायावर न्या. सुरुवातीला पडतोय की काय असं वाटेल. स्टान्स (दोन पायांतलं अंतर) रुंद घ्या, पाय वाळूत नीट रोवा, बॉल मधोमध किंवा किंचित मागे. बॅकस्विंगमध्ये मनगटं लवकर वाकवा, कारण क्लबला मागच्या उंच वाळूवरून जायचं असतं. वजन शेवटपर्यंत डाव्या पायावरच राहिलं पाहिजे. बॉल सुटल्यावरही क्लबचं डोकं उताराला धरून खाली जाऊ द्या. तोल जाऊन एक पाऊल पुढे पडलं तर खुशाल पडू द्या.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांना मी या सरावात बरेच दिवस बॉलच दिला नाही. उतारावर वाळूत एक रेघ ओढायची, ती पायांच्या मधोमध घ्यायची आणि क्लबचा घाव कुठे सुरू होतो ते वाकून पाहायचं. वजन मागे असलं की खड्डा रेघेच्या वीतभर मागे आणि खोल पडायचा; मागची वाळू खचून त्यात उतरायची. वजन जागेवर आलं तसा खड्डा उथळ आणि लांबट झाला, रेघेपासून सुरू होऊन उताराकडे पसरलेला. मग बॉल रेघेच्या दोन इंच पुढे ठेवला. तो बाहेर आला, आणि त्यांना त्याचं आश्चर्यही वाटलं नाही.

आता अपेक्षेबद्दल, कारण इथे चांगले चांगले खेळाडू फसतात. तुमच्या सँड वेजचा (वाळूतून बॉल काढायच्या क्लबचा) लॉफ्ट, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूचा (फेसचा) तिरकेपणा, 56 अंश असेल आणि वाळूचा उतार 10 अंश, तर बॉलच्या दृष्टीने तो 46 अंशांचा क्लब झाला, म्हणजे जवळपास पिचिंग वेज, कमी लॉफ्टचा क्लब. बॉल खालूनच निघणार आणि ग्रीनवर पडल्यावर बराच पळणार. बॅगेत 58 किंवा 60 अंशांचा वेज असेल तर तो काढा, फेस उघडा (आधी फेस उघडायचा, मग ग्रिप धरायची) आणि बॉल पळेल हे धरूनच जागा निवडा. पिन (होलमधला झेंडा) बंकरला चिकटून असेल तर तिचा नाद सोडा. ग्रीनचा जो भाग सगळ्यात लांब-रुंद दिसेल तिकडे खेळा. समोरचा लिप (बंकरचा काठ) उंच असेल तर बाजूने बाहेर पडा. मी याला कमीपणा मानत नाही, याने कार्डावरचे फटके वाचतात.

पावसाळ्यापुरती एक सूचना. सँड वेजचा तळ पुढच्या धारेपेक्षा खाली उतरलेला असतो, तोच बाउन्स. अमेरिकन गोल्फपटू जीन साराझेन यांनी अशा जाड तळाचा वेज तयार केला आणि 1932 ची ब्रिटिश ओपन जिंकली. कोरड्या, मोकळ्या वाळूत हा तळ क्लबला रुतू देत नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये वाळू ओली होऊन घट्ट बसते, तेव्हा तोच तळ वाळूवरून उसळतो आणि धार बॉलला लागते. अशा वाळूत फेस फार उघडू नका.

चढावरचा बॉल त्या मानाने सोपा. इथे लॉफ्ट वाढतो, 56 चा 66 होतो, म्हणून बॉल उंच उडून अर्ध्यावरच पडतो. गॅप किंवा पिचिंग वेज (दोन्ही कमी लॉफ्टचे) घ्या, खांदे चढाला समांतर, वजन उजव्या पायावर, वाळू फक्त इंचभर घ्या आणि स्विंग मोठा करा. अगदी लिपखालचा उभा चढ असेल तर समांतर राहताच येत नाही. तिथे चढाकडे झुका आणि बॉलच्या मागे जोरात मारा. क्लब वाळूतच अडकेल, बॉल वर येईल.

बॉल पायांपेक्षा उंचावर असेल तर ग्रिप आखूड धरा, थोडं ताठ उभं राहा आणि उजवीकडे नेम धरा, कारण बॉल डावीकडे जातो. पायांपेक्षा खाली असेल तर स्टान्स रुंद करा, गुडघे जास्त वाकवा, डावीकडे नेम धरा आणि मुख्य म्हणजे शॉट संपेपर्यंत गुडघे सरळ करू नका.

प्रश्न : तिरक्या बंकरमध्ये उतरताना मी क्लबचा आधार घेतला, म्हणून सोबतच्या खेळाडूंनी दोन स्ट्रोकचा (फटक्यांचा) दंड सांगितला. बरोबर आहे का? आणि बॉल खेळण्यासारखा नसेलच तर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दंड नाही. 2019 पासूनच्या नियमांप्रमाणे तोल सांभाळायला किंवा पडू नये म्हणून क्लब वाळूत टेकवता येतो. वाळूतलं पान, काटकी, दगडही उचलता येतो, फक्त बॉल हलता कामा नये. दंड लागतो तो क्लब बॉलच्या लगेच मागे किंवा पुढे टेकवला, सरावाच्या स्विंगमध्ये किंवा बॅकस्विंगमध्ये वाळूला लागला, किंवा वाळू कशी आहे हे मुद्दाम चाचपलं तर. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) तेव्हा दोन स्ट्रोक.

बॉल खेळण्यासारखा नाही असं तुम्ही ठरवलंत, तर एका स्ट्रोकच्या दंडाने तो बंकरमध्येच दुसरीकडे ड्रॉप करता (हातातून खाली सोडता) येतो, किंवा आधीचा फटका जिथून मारला तिथून पुन्हा खेळता येतं. दोन स्ट्रोकच्या दंडाने बंकरच्या बाहेर, पिन आणि बॉल यांच्या सरळ रेषेत मागे येता येतं. बॉल उभ्या उतारावर रुतला असेल आणि समोर उंच लिप असेल, तर हौशी खेळाडूने हा शेवटचा पर्याय घ्यावा असं माझं मत आहे. तशा जागेतून तीन-चार फटके सहज जातात.