वाचकांचे प्रश्न : घरचं सोयाबीन बियाणं

प्रश्न : प्रमाणित बॅगेतून आलेलं सोयाबीन बियाण्यासाठी राखलं. दाणा टपोरा होता, तरी निम्मंच उगवलं आणि दुबार पेरणी करावी लागली. घरचं बियाणं वापरूच नये का? (एक वाचक, औसा, जि. लातूर)

उत्तर : जरूर वापरा. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून वाण सहसा बदलत नाही. एकदा प्रमाणित बियाणं घेतलं की पुढची दोन वर्षं घरचं चालतं. फक्त फुलोऱ्यात भेसळीची झाडं उपटा. जे.एस. ३३५ या वाणाला जांभळं फूल येतं. त्यात पांढरं फूल दिसलं की ते झाड दुसऱ्या वाणाचं.

टपोरेपणावर मात्र जाऊ नका, उलट टपोऱ्या दाण्यालाच मार जास्त बसतो. सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर सालीला लागूनच असतो. बियाणं मरतं ते बहुतेक मळणीतच. थ्रेशरवाल्याला पुढचं शेत गाठायचं असतं, म्हणून तो ड्रम जोरात फिरवतो. बियाण्याच्या मळणीला मिनिटाला ३५०-४०० फेरे पुरेत आणि दाण्यात १३-१४ टक्के ओलावा हवा. दाणे फुटून डाळ पडू लागली की मशीन थांबवून फेरे कमी करायला लावा. शंका असेल तर मूठभर दाणे दहा मिनिटं पाण्यात टाका : जे लगेच फुगतात, त्यांचं साल फुटलेलं. काढणीत पावसात भिजलेला माल बियाण्यासाठी ठेवूच नका.

नंतर १०-१२ टक्क्यांपर्यंत वाळवून गोणपाटाच्या पोत्यांत, लाकडी फळ्यांवर ठेवा. एकावर एक पाचपेक्षा जास्त पोती नकोत आणि पोतं वरून आपटणं तर नकोच.

प्रश्न : उगवण घरी कशी तपासायची? ६२ टक्के आली तर बियाणं टाकून द्यायचं का?

उत्तर : मे महिन्यातच तपासा. प्रत्येक पोत्यातून थोडे दाणे काढून एकत्र करा आणि न निवडता १०० मोजा. इथेच बरेच जण चांगले चांगले दाणे वेचतात आणि स्वतःलाच फसवतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सातव्या दिवशी फक्त निरोगी, सरळ कोंब मोजा.

७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो लागतं. ६२ आली तर ३० गुणिले ७० भागिले ६२, म्हणजे सुमारे ३४ किलो पेरा. ६० च्या खाली गेलं तर सरळ बाजारात विका.

प्रश्न : बीजप्रक्रिया करताना साल निघतं. काय चुकतं?

उत्तर : हाताने चोळणं. बियाणं ताडपत्रीवर घेऊन कडा आलटून पालटून उचला. आधी कार्बोक्सिन अधिक थायरम हे बुरशीनाशक, किलोला ३ ग्रॅम; ते सुकल्यावर, पेरणीच्या आधी सावलीत, रायझोबियम (नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) १० किलोला प्रत्येकी २५० ग्रॅम. क्रम उलटा केला तर बुरशीनाशक जिवाणूंवरच बसतं.