एक रात्र झोपल्याशिवाय नाही

बाबू,
अनेक आशीर्वाद.

त्या मोटरहोमवरचा, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेल्या गाडीवरचा, तुझा अकरा पानांचा अहवाल दोनदा वाचला. लाकूडकाम, लेदरच्या सीटा, टीव्ही, कॉफी मशीन, मागचा कॅमेरा, सगळ्याला गुण दिलेस. आणि शेवटी ‘जोडप्यासाठी योग्य आहे का?’ या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. वर मलाच विचारतोस, काका, इथं काय लिहू? बाप्पा! तेवढंच तर लिहायचं होतं.

त्या गाडीत कोणी झोपलं का? एक रात्र? तू नव्हे, ते दोघं. ही गाडी घेणारे नागपूरच्या धरमपेठेतले ते निवृत्त काका-काकू, ज्यांच्या फंडाचे पैसे जाणार आहेत. शोरूमच्या थंडाव्यात दहा मिनिटं गादीवर बसून ‘मऊ आहे हो’ म्हटलं, झाली परीक्षा? एक रात्र झोपल्याशिवाय मोटरहोमवर मत द्यायचं नाही. वर्कशॉपात होतास तेव्हा हे तुला सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. सांगितलं नसेल तर चूक माझी.

माझी गाडी तू पाहिली आहेस. शेडखाली ताडपत्री पांघरून उभी आहे ती. 2016 साली हौसेने बांधली. वाडीला तीस वर्षं बसच्या बॉड्या बांधलेला माणूस, मला कोण शिकवणार! पलंग मागे आडवा टाकला. आडव्या पलंगाने लांबी वाचते, म्हणून बाथरूम ऐसपैस झालं. पहिली रात्र रामटेकजवळ खिंडसीच्या काठावर काढली. तुझी काकू आत भिंतीकडे, मी बाहेरच्या कडेला. रात्री दोनला तिला उठायचं झालं. गुडघा तेव्हाही दुखराच. वर कपाट, त्यामुळे नीट बसताही येईना. ओलांडताना तिने हात टेकला तो माझ्या पोटावर, आणि मी झोपेत खेकसलो. मग तिने नळ उघडला, तर पलंगाखालचा पंप घर्रर्र करून सुरू. मी पुन्हा खेकसलो. सकाळी तिने चहा केला, बोलली काही नाही. पुढच्या खेपेला आम्ही चिखलदऱ्याला गेलो, तेव्हा संध्याकाळी पाचनंतर तिने पाणी पिणंच बंद केलं. रात्री उठायला नको म्हणून. हे मला दोन वर्षांनी कळलं, तोवर ती गाडीत यायला ‘नको’ म्हणू लागली होती.

आता माझंही ऐक. सहा मीटरच्या गाडीत एवढं बाथरूम हवं तर दुसरी रचना बसत नव्हती. दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग टाकायचा तर गाडी सात मीटरच्या पुढे जाते, आणि तेवढी गाडी महाल भागातल्या गल्लीत वळवून दाखव मला. माझं माप चुकलं नव्हतं. आजही तेच म्हणतो. काकूसमोर म्हणत नाही.

तर ही रात्र काढायची ती बाहेरची वीज तोडून. तू लिहिलंस, ‘लिथियम बॅटरी असल्याने रात्रभर एसी’. कुठून आणलंस? ब्रोशरमधून. 12 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. छतावरचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. कर हिशोब. मेअखेरच्या नवतपात रात्री दहाला एसी लावून झोपलेली माणसं साडेबाराला घामाने जागी होतील. छतावरचं 400 वॅटचं सोलर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देईल, आणि पॅनल तापलं की वीज कमी होते. 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश सोसलेल्या शहरातल्या पोराला हे मी सांगू? एक रात्र झोपले असते, तर कागदच लागला नसता.

दिवसाचं एकच काम मोठं, ते म्हणजे धरमकाटा, गाडी तोलायचा काटा. डिझेल फुल, पाण्याच्या टाक्या फुल, दोघं आत बसलेली, आणि मग काट्यावर. तू रिकाम्या गाडीचं वजन कागदावरून उतरवलंस. अरे, 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. लक्झरी म्हणजे शेवटी वजनच असतं, तो दगडी ओटा काय हवेत तरंगतो? पुढची चाकं वेगळी तोल, मागची वेगळी. मागच्या चाकांच्याही पलीकडे टाकी आणि डिकी ठासून भरली की गाडीचं नाक उचललं जातं, आणि समृद्धी महामार्गावर वेगात स्टेअरिंग हलकं लागतं. टायरलाही नक्षी पाहून ‘उत्तम’ दिलंस. कडेवरच्या तारखेचे चार आकडे वाच. 2318 असेल तर 2018 चा तेविसावा आठवडा. या गाड्या पळतात कमी, उभ्या राहतात जास्त, म्हणून नक्षी शाबूत असते आणि रबर म्हातारं झालेलं असतं.

रागावलो असं समजू नको. ओलावा तपासलास तो भाग मला फार आवडला. कोपऱ्यात अंगठा दाबून पाहणं माझ्याकडून शिकलास, पण खिडकीच्या रबराशी नाक नेऊन वास घ्यायला मी नव्हतं शिकवलं. हात तयार आहे तुझा. म्हणूनच चिडतो.

पण हे सगळं कोणीही चांगला मेकॅनिक सांगेल. भिंतीकडे कोण झोपणार, अंधारात दिव्याचं बटण हाताला लागतं का, एक उठला की दुसऱ्याची झोप मोडते का, हे रात्रीच कळतं. आणि टॉयलेटची ती कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, वीसेक लिटरची, दोघांत दोन-तीन दिवसांत भरते. ती उचलून कोण रिकामी करणार? लग्नाला चाळीस वर्षं झालेल्यांनीही हे आधी ठरवलेलं बरं.

विकणारा रात्रभर गाडी देणार नाही म्हणशील. भाडं घे म्हणावं त्याला. तरी नाही म्हणाला, तर त्या रिकाम्या रकान्यात तेच लिही.

गाडी शनिवारी आमच्या अंगणात लाव. त्यांना घरच्या उशा आणायला सांग. रात्री खिडकीवर टकटक करून ‘सगळं ठीक ना’ विचारायला जाऊ नकोस, तुझी ती सवय मला माहीत आहे. सकाळी तर्री-पोहे मी आणतो. दोघांना वेगवेगळं विचार, आधी काकूंना. ‘झोप झाली का’ असं विचारू नको, ‘हो’च म्हणतील. रात्री किती वेळा उठलात, आणि जेवणानंतर पाणी किती प्यायलात, ते विचार.

तुझा,
काका