वाचक विचारतात: अवचट वाचले, आता ब्लॉग लिहायचाय

प्रश्न : एसटीत वाहक होतो, आता निवृत्त आहे. अनिल अवचटांचं 'माणसं' वाचल्यापासून आपणही ब्लॉग लिहावा असं मनाने घेतलंय. तीन लेख सोबत जोडलेत. मुलगी म्हणते, "बाबा, ही अवचटांची नक्कल झाली." सुरुवात कशी करू? नाव काय ठेवू?
– एक वाचक, शिराळा

उत्तर : लेकीचं बरोबर आहे, पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. अवचट वाचून लिहायला बसलेल्या प्रत्येकाच्या हातून आधी तेच होतं. छोटी वाक्यं, बोलल्यासारखी भाषा एवढं उचलता येतं. पण हा डॉक्टरकी शिकलेला माणूस बिहारच्या दुष्काळात गेला, त्यातून १९६९ साली 'पूर्णिया' हे पुस्तक आलं. पुढे हमालांत, विडी कामगारांत जाऊन बसला. मजुरी किती, कापून किती घेतात, पाठ कुठे दुखते, हे विचारत राहिला. भाषा साधी राहिली ती त्या चौकश्यांमुळे.

तुमचे पहिले दोन लेख (माणुसकी, बदलता जमाना) कुणीही लिहिले असते. तिसऱ्यात मात्र मुक्कामी गाडी आहे. रात्री देवळाच्या ओट्यावर तुम्ही हिशेब जुळवत बसलात की पुजाऱ्याची सून न बोलता कंदील आणून ठेवायची. वाचता वाचता मी थांबले, तुम्ही मात्र लगेच "अशी माणसं आता कुठे?" लिहून मोकळे झालात! अहो, वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, काय काय भरायचं? चिल्लर कमी पडली तर भरपाई कुणाच्या खिशातून? रोकड उशाला घेऊन झोपायचात का? चालक कुठे आडवा व्हायचा? पहाटेच्या गाडीला दूधवाले किती, कोर्टाच्या तारखेला निघालेले किती? एवढंच लिहा, पहिला लेख तयार. आठवत नसेल ते त्या चालकाला फोन करून विचारा. जमलं तर गावी जाऊन या, आणि त्या बाईंचं नाव त्यांना विचारल्याशिवाय छापू नका.

तांत्रिक बाजू किरकोळ आहे. ब्लॉगर किंवा वर्डप्रेसवर फुकटात खातं उघडतं. मोबाईलवर मराठी कीबोर्ड घ्या, बोलूनही टाइप होतं. फक्त जोडाक्षरं एकदा तपासा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेऊ नका, ब्लॉगवर नुसती अगम्य चिन्हं उमटतील. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत. प्रत्येक लेखाची एक प्रत स्वतःकडे ठेवा. आणि रोज लिहीन असं कुणाला सांगू नका, पंधरवड्याला एक पुष्कळ झालं.

नाव पाच लेख झाल्यावर ठरवा. 'डबल बेल' सुचलंच असेल. ते तुमच्याआधी एखाद्या वाहकाने घेतलेलं असणार.