टांझानियात चार दिवसांच्या सफारीत सिंह नक्की दिसतो का? फेब्रुवारीत जावं की जुलैत?

सिंह दिसेल. न्गोरोंगोरोत उतरलात तर बहुतेक दिसतोच, त्याची काळजी सोडा. पण जो तो सिंहाचंच का विचारतो?

आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो. आम्ही दोघं, मेहुणी आणि थोरले साडू. न्गोरोंगोरो म्हणजे ज्वालामुखी खचून झालेलं विवर, सहाशे मीटर खोल, तळ साधारण 260 चौरस किलोमीटर. सकाळी वर कड्यावर स्वेटर घालूनही दात वाजत होते. खाली उतरलो आणि अर्ध्या तासात रस्त्याच्या अगदी जवळ एक सिंह आणि दोन सिंहिणी, मेलेल्या वाइल्डबीस्टवर, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या आफ्रिकी हरणावर. भोवती नऊ-दहा ठिपकेवाले तरस येरझारा घालतायत. साडू लगेच म्हणाले, "बघा राव, राजा जेवतोय आणि भिकारी पंगत उठायची वाट बघतायत."

ड्रायव्हर हसला. दुर्बीण माझ्या हातात देऊन म्हणाला, तोंडं बघा. तरसांची तोंडं, मान, पार छातीपर्यंत रक्त, सुकून काळपट झालेलं. सिंहाची आयाळ कोरडी, नुसतं नाकाला ताजं लाल लागलेलं. मग मारलं कोणी? पहाटे तरसांनी मारलं, त्यांचा कालवा ऐकून सिंह आले आणि त्यांना भरल्या ताटावरून उठवलं. साडू म्हणाले, "ड्रायव्हर काय, टिपसाठी काहीही सांगेल." टिपसाठी तरसाची बाजू कोण घेतं हो?

1960च्या दशकात हान्स क्रूक नावाच्या शास्त्रज्ञाने याच विवरात रात्र-रात्र गाडीतून तरसांच्या मागे फिरून हेच दाखवून दिलं. इथले तरस बहुतेक खाणं स्वतः मारून खातात आणि त्यांची शिकार सिंहच अनेकदा हिसकावतात. कळपात हुकूम मादीचा. हाडंसुद्धा पचवतात, म्हणून त्यांची वाळलेली विष्ठा खडूसारखी पांढरी दिसते. साडूंना हे सगळं सांगून झालंय. तरी प्रत्येक बारशाला, साखरपुड्याला 'राजा आणि भिकारी' ठरलेलं. एकदा त्यांच्याच फोनमधला फोटो मोठा करून तरसाचं तोंड दाखवलं, तर म्हणाले बॅटरी संपत आली.

आता, आपल्याकडे सासवडच्या माळावर दिसतो तो पट्टेरी तरस. तो मुख्यतः मेलेल्या जनावरांवर जगतो, हे खरं. तेवढ्यापुरतं साडूंचं बरोबर. पण ती जातच वेगळी. आणि फुकटचं मिळालं तर ठिपकेवालाही सोडत नाही, सिंहही सोडत नाही.

महिन्याचं म्हणाल तर फेब्रुवारी. दक्षिण सेरेंगेटीत न्दुतूच्या आसपास तेव्हा वाइल्डबीस्ट वितात, बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांतच जन्मतात. जुलैनंतर त्यांच्या कळपांचं नदी ओलांडणं बघायला उत्तरेला जावं लागतं, चार दिवसांत त्याच्या नादी लागू नका. न्दुतू आणि विवर, बस्स. ड्रायव्हर सहाला गेटवर पोचू म्हणाला तर सहालाच पोचा. आम्ही पाऊण तास उशिरा उतरलो, कारण साडूंना अंघोळीला कडकडीत पाणी लागतं आणि लॉजवर ते उशिरा तापलं. वेळेत उतरलो असतो तर ती हिसकाहिसकी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली असती.